तुमचा आयडी काय, काका?

सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५. कोजागरी.

दूध आटायला ठेवले आहे आणि ही गच्चीवर चटया टाकायला गेली आहे, तेवढा अर्धा तास माझा आहे. कालपासून शर्टाच्या खिशात एक चिठ्ठी आहे. वहीच्या पानाचा फाडलेला तुकडा, त्यावर काही इंग्रजी अक्षरे आणि शेवटी चार आकडे. आज शर्ट बदलला तेव्हा ती नव्या खिशात ठेवली. का ठेवली, हे लिहून पाहतो.

काल दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. २२ सप्टेंबरपासून बत्तीस इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्यामुळे, दसरा होऊन गेला तरी गर्दी ओसरलेली नाही. त्या गर्दीत एक गृहस्थ आणि त्यांचा सातवीतला मुलगा आले. त्यांना प्लेस्टेशन फाइव्ह, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचा कन्सोल, आणि त्याला शोभेल असा टीव्ही हवा होता. मुलाला सगळे पाठ होते. वडील मात्र दर दोन मिनिटांनी किमतीच्या पाटीकडे पाहत होते, आणि तसे पाहणारा माणूस मला नेहमीच जवळचा वाटतो. म्हणून मी त्यांना जे खरे ते सांगितले. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला हर्ट्‌झचा आकडा पुष्कळदा कंपनीच्या स्वतःच्या हिशेबाचा असतो, पॅनेल खरोखर सेकंदाला किती वेळा चित्र बदलते ते वेगळे विचारावे लागते. कन्सोलच्या खोक्यातली एचडीएमआय वायर पुरेशी आहे, अडीच हजारांच्या वायरीने चित्र कणभरही उजळत नाही. बिनडिस्कचे मॉडेल थोडे स्वस्त पडते, पण मग जुनी डिस्क विकणे नाही की मित्राकडून आणणे नाही, आणि नवा मोठा खेळ पाच हजारांच्या आसपास असताना ही बचत वर्षभरही टिकत नाही. वायरीवरचे माझे कमिशन गेले, अटॅचमेंटच्या, म्हणजे मोठ्या वस्तूबरोबर खपवायच्या जोडवस्तूंच्या, टार्गेटचा आकडा तिथेच राहिला, आणि फ्लोअर मॅनेजरने माझ्याकडे जसे पाहायचे तसे पाहिले.

वडील तरीही घुटमळत होते. तेवढ्यात मुलाने विचारले, “काका, तुमच्याकडे कोणतं आहे?”

मी म्हणालो, “हेच.”

वडिलांचा चेहरा एकदम सैल झाला. “यांच्याच घरी आहे म्हटल्यावर प्रश्नच मिटला,” असे म्हणून त्यांनी कार्ड पुढे केले. बिल होईपर्यंत मुलाने दप्तरातून वही काढली, पान फाडले, आपला आयडी, म्हणजे ऑनलाइन खेळताना वापरायचे नाव, लिहून दिला आणि विचारले, “तुमचा आयडी काय, काका? रात्री ॲड करतो.” मी म्हणालो, “पाठ नाही रे. बघून सांगतो.” हे दुसरे खोटे, आणि ते पहिल्यापेक्षा सहज आले.

पंधरा वर्षे मी टीव्ही विकतो आहे आणि टीव्हीविषयी आजवर खोटे बोललेलो नाही. दुकानातले सगळे पडदे भडक रंगांच्या व्हिविड मोडवर ठेवलेले असतात, कारण ट्यूबलाइटच्या झगमगाटात तोच डोळ्यांत भरतो. घरी गेल्यावर तो मोड बदला, असे मी प्रत्येकाला सांगतो. दहा फुटांवरून त्रेचाळीस इंची पडदा पाहणाऱ्याला फुल एचडी आणि फोर-के यांतला फरक डोळ्यांनी ओळखता येणार नाही, हेही सांगतो. मग स्वतःविषयीच्या एका साध्या प्रश्नावर जीभ का घसरली? आणि गंमत अशी की त्या माणसाने माझी सगळी खरी वाक्ये नुसती ऐकून घेतली आणि विश्वास ठेवला तो नेमका खोट्या वाक्यावर.

खरे उत्तर द्यायला लाज वाटली असती, असे कबूल करावे तर तेही पुरते खरे नाही. आमच्या घरात बत्तीस इंची एचडी रेडी आहे आणि बातम्यांना तो पुरतो. लाज पगाराची नाही. पंचावन्न हजारांच्या घरातली वस्तू विकणाऱ्याच्या घरी ती असतेच असे कोणीही समजत नाही. मला खुपते ते असे, की मी दिवसभर ज्या खेळांवर ठासून मते देतो, ते खेळ मी खेळलेलोच नाही. माझे ज्ञान तक्रारींच्या वहीतून आलेले आहे. हातात धरून खेळायच्या कंट्रोलरची काडी हात न लावता एका बाजूला सरकू लागते, कारण आतला घासून चालणारा संपर्क झिजतो, हे मला ठाऊक आहे. ८२५ जीबीच्या कन्सोलमध्ये प्रत्यक्षात साधारण ६६७ जीबीच मोकळे मिळतात आणि एकेक खेळ शंभर-शंभर जीबी गिळतो, हेही ठाऊक आहे. पण डेमोच्या कन्सोलवर कोणाचेही पोर तास-तास उभे असते आणि मी मागे हाताची घडी घालून. वाढप्याने पंगतीभर जिलबी फिरवावी आणि तिची चव विचारल्यावर रंग सांगावा, तसे माझे झाले आहे. गुडघ्यांचे दुखणे वेगळे. धाकट्याने मागच्या दिवाळीत जे मागितले होते, ते... असो.

काल रात्री झोप येईना, तेव्हा माळ्यावरचे खोके काढले. ही म्हणाली, आता झुरळे पण काढा. आत माझा जुना टीव्ही गेम होता, अण्णांनी १९९५ च्या गणपतीनंतर आणलेला. कॅसेटवर ९९९९९९९ खेळ असल्याचे छापलेले आहे. मोजल्यास सात-आठच, बाकी तेच पुन्हा पुन्हा. फसवणुकीचा असा मोकळेपणा आमच्या धंद्यात आता उरलेला नाही. पिवळी आणि लाल वायर आमच्या बत्तीस इंचीला लागली आणि मारिओ चालू झाला. धाकटा पांघरुणासकट येऊन बसला.

बदकांचा खेळ लावला आणि खोक्यातलीच खेळाची बंदूक त्याच्या हातात दिली. एकही बदक पडेना. तो बंदूक पडद्याला टेकवून मारू लागला, तरी पडेना. मग मी माझ्या नेहमीच्या विक्रेत्याच्या आवाजात समजावून सांगितले. ही बंदूक टीव्हीकडे काहीच सोडत नाही, उलट टीव्हीकडून घेते. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीच्या तोंडातला डोळा तो उजेड टिपतो. जुन्या डबा टीव्हीवर हा उजेड तत्क्षणी उमटत असे. आताचा टीव्ही चित्रावर आधी संस्कार करतो, मग दाखवतो, आणि त्या निमिषभराच्या उशिरात बंदुकीला काळोखच दिसतो. धाकट्याने विचारले, “म्हणजे नवा टीव्ही स्लो आहे?” या बाबतीत हो, असे म्हणावे लागले. पंधरा वर्षांत कोणत्याही ग्राहकाने मला हा प्रश्न विचारला नव्हता आणि उत्तर मला स्वतःच्या हाताने माहीत होते, म्हणून फार बरे वाटले. साडेबारापर्यंत आम्ही मारिओ खेळलो. उडी बटणाच्या किंचित मागे पडत होती, त्यामुळे मी सारखा खड्ड्यात जात होतो. निदान मी टीव्हीला दोष देत होतो. तो म्हणाला, बाबा, तुम्हाला येतच नाही.

आता दूध निम्म्यावर आले आहे. तिसऱ्या दिवशी ग्राहकाला फोन करायचा, हा आमच्याकडचा दंडक आहे, म्हणजे बुधवारी तो फोन मलाच करायचा आहे. वडिलांना टीव्हीचा मोड बदलला का ते विचारीन, मग फोन मुलाकडे द्यायला सांगेन. माझ्याकडे ते यंत्र नाही, हे एका वाक्यात सांगता येईल असे वाटत नाही. साताऱ्याला एसटी स्टँडजवळच्या पार्लरमध्ये आम्ही रुपया टाकून ‘मुस्तफा’ खेळायचो. १९९३ साली कॅपकॉमने काढलेल्या त्या खेळाचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’ आहे, हे मला या नोकरीत आल्यावर कळले. त्याला मुस्तफा माहीत आहे का, इथून सुरुवात करावी म्हणतो.