अननसाच्या आकाराची युकुलेली आणि सौंदत्तीचे चौंडके

लहान तंतुवाद्य म्हणजे मोठ्या वाद्याची खेळण्यातली नक्कल, हा समज आमच्या बेळगावातही बराच रुजलेला आहे, आणि जुन्या युकुलेलींचा, म्हणजे छोट्या गिटारसारख्या दिसणाऱ्या हवाईच्या चार तारांच्या वाद्यांचा, नाद लागल्यापासून मी तो खोडून काढत आलो आहे. वीतभर पेटीतून भरदार स्वर काढणे फार कठीण असते. त्या अडचणीवर निरनिराळ्या कारागिरांनी शोधलेली उत्तरे पाहण्यासाठीच मी ही वाद्ये जमवतो.

युकुलेलीचे कूळ पोर्तुगीज आहे. ऑगस्ट 1879 मध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ हे जहाज मदेरा बेटावरील मजुरांना घेऊन होनोलुलूला पोहोचले, त्यात सुतारकामात मुरलेले मान्युएल नुनेस, औगुश्तो दियश आणि जोझे दो एस्पिरितो सांतो हे तिघे होते. मदेरातील माशेत नावाचे चार तारांचे वाद्य त्यांनी हवाईच्या कोआ लाकडात घडवले आणि त्यातूनच युकुलेली आकाराला आली. चोर्ला घाट उतरला की गोवा गाठणाऱ्या आपल्या लोकांना, पोर्तुगीज गलबतांबरोबर वाद्येही कशी देशोदेशी गेली, हे सहज उमगावे.

मला सर्वांत प्रिय आहे तो हवाईतील युकुलेली-कारागीर सॅम्युएल कामाका यांचा अननसाच्या आकाराचा नमुना, ज्याचे पेटंट त्यांना 1928 मध्ये मिळाले. गिटारसारखी कंबर काढून टाकल्याने कडेच्या पट्ट्यांना उलटसुलट बाक द्यावा लागत नाही, शिवाय पेटीत हवेला अधिक जागा मिळते आणि स्वर गोल, मऊ येतो. हार्मनी कंपनीच्या ‘व्हिटा-युक’ या युकुलेलीवर नादरंध्रे सील या समुद्री प्राण्याच्या आकाराची आहेत; ती मोहक आहेत खरी, पण निव्वळ सजावटीपेक्षा कामाकांची ही काटकसर मला श्रेष्ठ वाटते.

याच कसोटीवर मी आपले तुणतुणे आणि सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जोगतिणींचे एका तारेचे चौंडके पारखतो, आणि माझ्या मते ती दोन्ही कोणत्याही युकुलेलीच्या बरोबरीने मांडण्याजोगी आहेत. तुणतुण्याच्या पोकळ नळकांड्याला खालून चामडे मढवतात आणि त्या चामड्याच्या मध्यातून निघालेली तार कडेच्या काठीवरच्या खुंटीला बांधतात, त्यामुळे तार छेडताच चामडेच थरथरते आणि एवढ्याशा वाद्याचा आवाज गोंधळाच्या गर्दीतही ऐकू येतो. असे वाद्य मिळाले, की ते कोणत्या गावचे आणि कोणत्या घरातले, हे मी आवर्जून टिपून ठेवतो, कारण त्यावर कारागिराची चिठ्ठी नसते.

आमच्याकडचा पावसाळा मात्र या संग्रहाची परीक्षा पाहतो. जुन्या युकुलेलींचे लाकूड अतिशय पातळ असते आणि सांधे सरसाने जोडलेले असतात, म्हणून आषाढ-श्रावणातली दमट हवा लागली की ते सुटू लागतात. पॅरिसच्या सेल्मर कंपनीसाठी गिटार आखणाऱ्या मारियो माकाफेर्री यांनी 1949 मध्ये आणलेली प्लास्टिकची ‘आयलँडर’ युकुलेली या बाबतीत निर्धोक आहे, आणि प्लास्टिकची म्हणून तिला हिणवणाऱ्यांनी ती एकदा वाजवून पाहावी.

खानापूर, निपाणी किंवा बेळगावच्या कॅम्पातील कोणाच्या माळ्यावर असे एखादे जुने वाद्य असेल, तर त्यावर नवे पॉलिश चढवू नये आणि युकुलेली असल्यास तिला पोलादी तारा तर मुळीच लावू नयेत. ती आतड्याच्या तारांसाठी घडवलेली असते. आज नायलॉनच्या तारा चालतात, पण पोलादाच्या ताणाने तिची घोडी, म्हणजे तारा पेलणारी पट्टी, तबलीसकट (पेटीच्या वरच्या पातळ फळीसकट) उखडून येते.