पाठीवर निर्गुडीचे फोक

चीनमधल्या हेबेई प्रांतात, हानदान शहराजवळ योंगन्यान आहे. नट-बोल्टांचं मोठं केंद्र. कोल्हापूरच्या एका शेठांसोबत मी तिथे दुभाष्या म्हणून गेलो होतो. आधीच्या मालाचं गॅल्व्हनायझिंग, म्हणजे गंज लागू नये म्हणून दिलेला जस्ताचा थर, सोलून निघत होतं, त्याचा निकाल लावायचा होता.

कारखान्याचे म्हातारे मालक हसत चारच अक्षरं बोलले, "फू जिंग छिंग ज्वेइ," आणि चहा ओतू लागले.

"काय म्हणतोय?" शेठ.

'माफी मागतायत' एवढंच सांगितलं असतं तर ती फारच स्वस्तात सुटली असती. चिनी बैठकांत अशी चार अक्षरी वचनं खूपदा गुळगुळीत वंगणासारखी वापरतात, हे मी पाहिलेलं आहे. म्हणून मी या वचनामागची गोष्टच सांगितली.

हानदान ही प्राचीन चाओ राज्याची राजधानी. इ.स.पू. 279 च्या सुमाराची हकिगत, सिमा छियानच्या इतिहासग्रंथात आलेली. लिन शियांगरू हा दरबारी नुसत्या मुत्सद्देगिरीवर सेनापती ल्यान फोपेक्षा वरच्या पदावर चढला. सेनापती भडकला, भेटेल तिथे पाणउतारा करीन म्हणाला. लिन मात्र त्याचा रथ दिसला की आपला वळवून घ्यायचा. चाकरांना लाज वाटायला लागली, तेव्हा म्हणाला, आम्ही दोघं आहोत म्हणून छिन राज्य आपल्यावर येत नाही. आम्हीच भांडलो तर संपलंच. हे कानावर आल्यावर ल्यान फो उघड्या अंगाने, पाठीला फोक बांधून लिनच्या दारात माफी मागायला गेला. हे फोक काटेरी होते असं सांगतात, पण 'जिंग' म्हणजे आपली निर्गुडीच. तिकडे तिच्या फोकांनी गुन्हेगारांना फटके देत.

शेठ शांतपणे म्हणाले, "मग ह्याचं फोक कुठं हाईत? पाठ उघड म्हणावं."

मी जसंच्या तसं चिनीत सांगितलं. सेल्सची पोरं गार पडली. म्हाताऱ्यांनी क्षणभर शेठांकडे बघितलं, उठले आणि खरंच पाठ केली. शेठांनी कोटेशनची गुंडाळी करून एक हलका फटका दिला. मग हसणं, आणि त्यानंतर खरी घासाघीस. माल बदलून मिळाला, जहाजभाडं त्यांच्याकडे. उरलेली रक्कम मात्र कोल्हापुरात तपासणी झाल्यावरच, यावरून शेठ हलले नाहीत.

संध्याकाळी लिनने जिथे रथ वळवला म्हणतात तो हुईछ बोळ पाहायला गेलो. शेठांनी हात पसरून रुंदी मापली.

"हितं रथ वळंल व्हय? घोडी सोडून ढकलला असंल."