महापुरात डायलिसिस हुकलं तेव्हा घरात काय शिजलं

आम्ही कुरुंदवाडचे. पंचगंगा आणि कृष्णा दोन्ही उशाशी, त्यामुळे चारी बाजूंचे रस्ते पाण्याखाली जाणं म्हणजे काय हे २०१९ च्या महापुरात पाहिलेलं. पण तेव्हा ह्यांच्या किडन्या चालू होत्या. २०२० च्या दिवाळीनंतर डायलिसिस लागलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार मिरजेला जायचं. मग पुढच्या पावसाळ्याचा विचार आला की माझ्या पोटात गोळा यायचा.

मे महिन्यातच सेंटरवरच्या आहारतज्ज्ञ ताईंना विचारलं, "रस्ता बंद झाला तर ह्यांना काय घालू?" त्यांनी तीन दिवसांचा कागद करून दिला. मशीन नसताना रक्तात तीन गोष्टी साठतात, हे त्यांनी नीट समजावलं. पाणी साठलं की फुप्फुसात उतरून धाप लागते, पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, आणि प्रथिनांपासून युरिया होतो. म्हणून एरवी डायलिसिसवाल्यांना प्रथिनं भरपूर खा म्हणतात, पण अशा दिवसांत तीसुद्धा ४० ग्रॅमच्या आसपास आणायची. पाणी, चहा, ताक सगळं धरून दिवसाला अर्धा लिटर. पोटॅशियम आणि सोडियम प्रत्येकी १५०० मिलिग्रॅमपर्यंत. चमचाभर मिठातच साधारण २००० मिलिग्रॅम सोडियम असतं, म्हणजे स्वयंपाकात मीठ नाहीच.

आणि हे पथ्य डायलिसिस हुकल्यावर नाही, हुकणार असं दिसताच सुरू करायचं. मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं. आम्ही खूण ठरवली: कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला आली की आमचं पथ्य सुरू. ४३ च्या धोका पातळीची वाट बघायची नाही.

जून लागायच्या आत पत्र्याचा डबा भरला. तांदूळ, साबुदाणा, रवा, बिनमिठाचे चुरमुरे, साखर, खडीसाखर, तूप. वर सफरचंदं. औषधं आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली पोटॅशियम कमी करायची पावडर वेगळ्या पिशवीत, डोस चिठ्ठीवर लिहून. ह्यांना मधुमेह नाही म्हणून साखर चालते. ज्यांना आहे त्यांनी आपला कागद वेगळाच करून घ्यावा.

२०२१ च्या जुलैत पाऊस कोसळला. गुरुवार, २२ तारखेचं डायलिसिस पदरात पडलं आणि शनिवारचं हुकणार हे परत येतानाच दिसत होतं. त्याच रात्रीपासून कागदाप्रमाणे सुरू केलं. पाणी अंगणात आलं तसा गॅस, डबा, वजनकाटा घेऊन आम्ही माडीवर गेलो.

सकाळी तुपात परतलेला साबुदाणा, जिरं घालून. बटाटा आणि शेंगदाण्याचं कूट अजिबात नाही. दुपारी पेज काढून टाकलेला मोकळा भात, त्यावर तूप, आणि सोबत एका अंड्याचा पांढरा भाग. संध्याकाळी अर्धं सफरचंद किंवा साखर लावलेले चुरमुरे. एरवी मी भाज्या बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी ओतून देते, म्हणजे पोटॅशियम उतरतं. पुरात पिण्याचंच पाणी मोजकं, तिथे भाजी उकळून ओतणार कुठून? म्हणून भाजी बंदच ठेवली. डाळ दोन घास, तीही रोज नाही.

जेवणापेक्षा तहान अवघड. सकाळीच अर्धा लिटरची बाटली भरून ठेवायचे, गोळ्यांचं पाणीही त्यातलंच. खिडकीबाहेर नजर जाईल तिथवर पाणी आणि हे म्हणायचे, "घोटभर दे गं." मी खडीसाखर द्यायची, चूळ भरायला लावायची. तेव्हा जीव तुटायचा.

सगळ्यात जपावं लागलं ते आलेल्या मदतीला. लोक जीव धोक्यात घालून बोटीतून केळी, फरसाण, बिस्किटं, शहाळी आणून देत होते. त्यांचे उपकार विसरणार नाही. पण एका केळ्यात चारशेच्या आसपास मिलिग्रॅम पोटॅशियम, शहाळ्यातही तसंच, फरसाणात मीठ. आरोग्य पथकाची ओआरएसची पुडीसुद्धा ह्यांना चालणारी नव्हती, तिच्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. कमी सोडियमचं म्हणून विकलं जाणारं मीठही बहुधा तेच. मी दारातच सांगायचे, "पेशंट डायलिसिसवर आहेत," आणि सगळं शेजारच्या पोरांना द्यायचे.

पथ्यानं वेळ मिळतो, डायलिसिस टळत नाही. म्हणून नगरपालिकेच्या आपत्ती कक्षात ह्यांचं नाव, सेंटर आणि वार आधीच लिहून दिलं होतं. अंगात पाणी किती साठतंय ते कळावं म्हणून रोज सकाळी ह्यांचं वजन करत होतो. पायांवर सूज दिसू लागली आणि उताणं झोपल्यावर दम लागतोय असं हे म्हणाले, तेव्हा लगेच फोन केला. बचाव पथकाची बोट माडीच्या जिन्यापर्यंत आली. पलीकडे गाडी उभी होती. सेंटरवर पोचताच आधी रक्त तपासलं. पोटॅशियम वाढलं होतं, पण हाताबाहेर नव्हतं. डॉक्टरांनी खाण्याचा कागद मागून पाहिला आणि लगेच मशीनवर घेतलं.

आता तो कागद तीन ठिकाणी आहे: डब्यात, ह्यांच्या फाइलीत आणि माझ्या मोबाइलमध्ये. वजन किंवा औषध बदललं की ताईंकडून नवा करून घेते. सेंटरवर शेजारच्या खाटेवर शिरोळचे एक काका असतात, त्यांच्या सुनेला परवा डब्याची यादी लिहून दिली.