काट्याच्या कॉम्प्युटरवर परत विंडोज ७

आज परभणीत जिनिंगच्या वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर विंडोज १० वरून परत ७ वर आणला. काट्याचं सॉफ्टवेअर डॉसच्या काळातलं, १६ बिटचं. ६४ बिट विंडोजवर ते उघडतच नाही, म्हणून डीव्हीडी ३२ बिटचीच घ्यायची.

आधी डी ड्राइव्हसकट सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या, दोन-चार पावत्या उघडून बघा आणि ती डिस्क काढून ठेवा. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट बंद, लेगसी म्हणजे सुरू व्हायची जुनी पद्धत चालू. तरी डिस्क जीपीटी, म्हणजे पार्टिशनच्या नव्या पद्धतीची आहे म्हणून इन्स्टॉल अडतंच. मग इन्स्टॉलच्या स्क्रीनवर शिफ्ट आणि एफ१० दाबून काळ्या खिडकीत या कमांड टाइप करा: डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क. किती जीबीची डिस्क आहे ते बघूनच सिलेक्ट डिस्क ०, क्लीन, कन्व्हर्ट एमबीआर (पार्टिशनची जुनी पद्धत). हे क्लीन 'नक्की का?' असं विचारत नाही, एंटर दाबलं की सगळी पार्टिशनं गेली!

कीबोर्ड-माऊस यूएसबी २ च्या काळ्या पोर्टला लावा, यूएसबी ३ चा ड्रायव्हर सेव्हनच्या डीव्हीडीत नसतो. लाईटीचा भरवसा नाही, यूपीएस हवाच.

सेव्हनचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ जानेवारी २०२० ला संपलाय, त्यामुळे या कॉम्प्युटरला इंटरनेटची वायर जोडायचीच नाही.