कानात मुंबई, पायाखाली फोर्ट

माझ्या लोकलच्या पासावर २२ वर्षे ‘चर्चगेट’ हे नाव छापलेले होते, आणि या २२ वर्षांत ते गेट नेमके कोठे आहे, असा प्रश्न मला एकदाही पडला नाही. कार्यालय फोर्टमध्ये असले की माणूस फोर्ट पाहत नाही. तो घड्याळ पाहतो आणि पावले उचलतो. निवृत्तीनंतर एका रविवारी सकाळी साडेसात वाजता, भ्रमणध्वनीवर आधीच उतरवून घेतलेली एक ध्वनिसहल कानात लावून मी त्याच रस्त्यांवर पुन्हा उतरलो, तेव्हा मात्र घाई नव्हती.

या सहलीत वाटाड्या नसतो. नकाशावरील ठरावीक ठिकाणी आपण पोहोचलो की निवेदन आपोआप सुरू होते. उंच इमारतींच्या गल्ल्यांत त्याचा अधूनमधून गोंधळ उडतो, त्यामुळे दादाभाई नौरोजी मार्गावर एका बंद औषधाच्या दुकानासमोर उभे राहून मला भलत्याच इमारतीच्या कमानींचे कौतुक ऐकावे लागले. एक कान मोकळा ठेवावा, एवढी सूचना मी अनुभवाने देईन. रविवारीही इकडच्या टॅक्सी कोणाची वाट पाहत नाहीत.

फ्लोरा फाउंटनपाशी आलो आणि निवेदकाने सहज सांगितले की, १८६४ साली उभारलेले हे कारंजे किल्ल्याच्या चर्च गेटच्या जागी आहे. मी तेथेच थांबलो. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात किल्ल्याची तटबंदी पाडली गेली, तिच्याबरोबर अपोलो गेट, चर्च गेट आणि बाजार गेट ही तिन्ही दारे गेली, आणि दाराचे नाव तेवढे पश्चिमेला सरकून दहा मिनिटांच्या अंतरावरील रेल्वे स्थानकाला चिकटले. ज्या चर्चमुळे दाराला ते नाव मिळाले, ते १७१८ सालचे सेंट थॉमस चर्च येथून पूर्वेला हाकेच्या अंतरावर आहे. मुंबईतील जुन्या मैलाच्या दगडांवरील अंतरे याच चर्चपासून मोजलेली असत. मग माझ्या ध्यानात आले की, हा सगळा परिसर नसलेल्या वस्तूंच्या नावांवर उभा आहे. खुद्द ‘फोर्ट’मध्ये तरी फोर्ट कोठे उरला आहे?

फ्लोरा या रोमन देवतेवर निवेदक बराच वेळ बोलला. शेजारच्या हुतात्मा स्मारकाच्या वाट्याला मात्र एकच वाक्य आले, आणि ते मला खटकले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्राची मागणी करणाऱ्या मोर्चावर याच परिसरात गोळीबार झाला. त्यामुळेच या चौकाचे नाव हुतात्मा चौक झाले आणि मशाल धरलेले शेतकरी व कामगार कारंज्याशेजारी उभे राहिले. मी निवेदन थांबवले, स्मारकाला फेरी मारली आणि मगच पुढचे ऐकले.

हॉर्निमन सर्कलला नाव देणारे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांना ब्रिटिशांनी १९१९ साली हद्दपार केले होते, हे सांगून झाल्यावर निवेदक मला टाउन हॉलच्या ३० पायऱ्यांपाशी घेऊन गेला. पायऱ्यांवर परीक्षेची पुस्तके घेतलेली मुले बसलेली होती. मीही बसलो, पण ते गुडघ्यांसाठी.

काळा घोडा येथे नावाची गंमत सर्वांत जास्त रंगते. अल्बर्ट ससून यांनी दिलेला सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली येथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेण्यात आला, तरी पत्ता सांगताना लोक ‘काळा घोडा’च म्हणत राहिले, २०१७ साली नवा घोडा आला तोही स्वाराविना. फ्लोराचे कारंजे मुळात राणीच्या बागेसाठी योजलेले होते आणि ते येथे राहिले, तर येथला घोडा त्या बागेत गेला. ही अदलाबदल मनाशी जुळवून मला उगाच हसू आले.

शेवटी ओव्हल मैदानाच्या कडेला राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने दिलेल्या पैशातून १८७८ साली पूर्ण झालेल्या या मनोऱ्याचा आराखडा गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबईत पाऊल न ठेवताच केला होता. एका बाजूला टोकदार कमानींच्या गॉथिक शैलीतील दगडी इमारती आणि मैदानापलीकडे विसाव्या शतकातील आर्ट डेको शैलीच्या घरांची रांग. युनेस्कोने २०१८ साली या दोन्हींना मिळून जागतिक वारसा ठरवले. दोन्हींच्या मधोमध, तांबड्या धुळीत, क्रिकेटचे निदान आठ डाव एकाच वेळी चालू होते आणि कोणता चेंडू कोणाचा, याबद्दल खेळणाऱ्यांना तिळमात्र शंका नव्हती.

दीड तासाच्या निवेदनाला मला जवळजवळ तीन तास लागले. कानातली यंत्रे काढून खिशात ठेवली आणि मैदानातून मळलेल्या पायवाटेने, दार नसलेल्या त्या चर्चगेटकडे निघालो.