मुलाच्या स्मारकात मुलगाच नाही

आज बराच वेळ जर्मन चित्रकार-शिल्पकार केटे कोल्विट्झच्या एका शिल्पाचे फोटो बघत बसले. १९१४ मध्ये तिचा १८ वर्षांचा मुलगा पेटर पहिल्या महायुद्धात मारला गेला. त्याचं स्मारक करायला घेतलं तेव्हा मनात तोच होता, आडवा निजलेला. काम अडलं, सुटलं, पुन्हा धरलं. १९३२ मध्ये बेल्जियममधल्या दफनभूमीत ते उभं राहिलं, तेव्हा त्यात मुलगा नव्हताच! गुडघे टेकलेले आई-बाप, चेहरे तिचे नि नवऱ्याचे. बाप ताठ, हात स्वतःभोवती आवळलेले. आई पार वाकलेली. संध्याकाळी माझ्या अर्धवट चित्रातला मधला माणूस पांढऱ्या रंगाने झाकून टाकला. जमलंय का, ते उद्या उजेडात बघते.