माझ्या नावातील ‘सौ.’ आणि बँकेच्या पाच फेऱ्या

आमच्या घरी पैसा वर्षातून तीन महिने येतो आणि बाराही महिने जातो. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी पाच एकर कोरडवाहू जमिनीत कापूस आणि तूर होते; दिवाळीनंतर कापसाचा चुकारा (म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे), संक्रांतीनंतर तुरीचा, आणि मग पुढच्या हंगामापर्यंत हात आखडलेलाच. पगारातून दरमहा अमुक टक्के बाजूला टाकावेत, हा सल्ला आमच्यासारख्यांना लागू पडत नाही, कारण मुळात दरमहा काही येतच नाही. म्हणून पोळ्यानंतर मी एक दोनशे पानी वही आणली आणि घरातील प्रत्येक खर्च त्यात लिहू लागले.

वहीने दोन गोष्टी दाखवल्या. पहिली, यजमानांचा खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीची पुडी: वीस रुपयांचा एक, दिवसाला दोन, म्हणजे वर्षाला १४,६०० रुपये. हा आकडा मी मोठ्याने वाचला, त्यानंतर घरात दोन दिवस अबोला होता. दुसरी, जून महिना. बियाणे आणि खत त्याच महिन्यात लागते, आणि विदर्भात शाळा जूनअखेरीस उघडत असल्याने वह्या-पुस्तके व गणवेशही त्यातच येतात. हाती रोख नसली की माल कृषी केंद्रातून हंगामावर उधार उचलावा लागतो, आणि उधारीचा भाव रोखीपेक्षा चढाच लावला जातो. तेव्हा चुकारा येताच जूनची रक्कम वेगळी काढून माझ्या नावाच्या खात्यात ठेवायची, असे आम्ही ठरवले. सातबारा यजमानांच्या नावे असल्यामुळे चुकारा त्यांच्या खात्यात जमा होतो, आणि तेथे पडलेला पैसा कोणत्या ना कोणत्या निमित्ताने निघून जातो.

माझे एक जनधन खाते होते. २०१५ साली गावात शिबिर भरले, तेव्हा ते उघडले होते आणि नंतर मी त्यात कधी काही टाकले नव्हते. नवे खाते मागायला गेले, तर ‘आधीचेच सुरू करून घ्या’ असे उत्तर मिळाले. पहिल्या फेरीत फॉर्म मिळाला आणि कागदांची यादी सांगण्यात आली: आधार, दोन फोटो, पॅन नसल्यास फॉर्म ६०. दुसऱ्या फेरीत लिंक नव्हती. चार वाजेपर्यंत बाकावर बसून मी परत आले, आणि फाट्यावरून गावाकडे येणारा शेवटचा ऑटोही त्या दिवशी चुकला.

खरा घोळ तिसऱ्या फेरीत निघाला. शिबिरात नाव लिहिणाऱ्याने माझ्या नावामागचे ‘सौ.’ हे नावाचाच भाग समजून संगणकात भरले होते. आधारवर अर्थातच ‘सौ.’ नव्हते. काउंटरवरचे साहेब म्हणाले, “ताई, दोन्हीकडचे नाव जुळत नाही. आधारवर सौ लावून आणा.” मी त्यांना दोनदा विचारले की चूक बँकेच्या नोंदीत असताना आधार का बदलायचे, दोन्ही वेळा “सिस्टीम घेत नाही” एवढेच उत्तर आले. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, हे मला मुलीच्या आधारच्या वेळी कळले होते, म्हणून मी अडून बसले. नाहीतर त्या साहेबांच्या सांगण्यावरून मी कागदोपत्री जन्मभरासाठी ‘सौ.’ होऊन बसले असते. चौथ्या फेरीत दुसऱ्याच साहेबांनी प्रतिज्ञापत्र करून आणायला सांगितले. ते दिवस ऐन वेचणीचे होते. बाया मिळत नव्हत्या, कापूस झाडावर लोंबत होता, आणि मी तालुक्याच्या गावी बँकेच्या पंख्याखाली बसून होते. हे लिहितानाही मला संताप येतो.

गुंता सुटला तो आमच्या गावातील बँक मित्राच्या, म्हणजे गावात बँकेचे काम पाहणाऱ्या प्रतिनिधीच्या, एका वाक्याने: “तोंडी काही विचारू नका, अर्ज लिहून द्या आणि पोच घ्या.” पाचव्या फेरीत मी साध्या कागदावर अर्ज दिला: खात्यातील नाव आधारप्रमाणे दुरुस्त करावे आणि खाते पुन्हा सुरू करावे. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मागितली, तेव्हा साहेबांनी प्रथमच माझ्या तोंडाकडे नीट पाहिले. प्रतिज्ञापत्राचे नाव पुन्हा निघाले नाही. तिसऱ्या दिवशी मोबाइलवर संदेश आला की खाते चालू झाले आहे.

नंतर कळले की रिझर्व्ह बँकेचा नियमच तसा आहे आणि तो १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे: निष्क्रिय खाते सुरू करण्यास शुल्क नाही, आणि पूर्ण अर्ज मिळाल्यावर तीन कामकाजाच्या दिवसांत काम व्हावे लागते. हे मला पहिल्या दिवशी माहीत असते, तर चार फेऱ्या वाचल्या असत्या. दोन वर्षे आपण स्वतः काही व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय होते, आणि बँकेने जमा केलेले व्याज त्यात धरले जात नाही. म्हणून सासूबाईंच्या खात्यातून मी आता दर दिवाळीला शंभर रुपये काढून पुन्हा भरते. लेखी तक्रारीवर बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्यासाठी १४४४८ हा क्रमांक आहे. मला त्याची गरज पडली नाही, पण तो वहीच्या मुखपृष्ठावर लिहून ठेवला आहे.

त्याच वहीत ‘बँक’ या नावाने एक पान आहे. ऑटो आणि एसटीचे महिलांचे अर्धे तिकीट धरून एका फेरीचे ९० रुपये, बुडालेली दिवसाची मजुरी ३००, अशा पाच फेऱ्या; झेरॉक्स व फोटोचे १६०. एकूण २,११०. त्या दिवसांत तेलाचा पंधरा किलोचा पिपा जवळपास तेवढ्यातच येत होता.

गावच्या डाकघरातील आवर्ती ठेव मात्र एका सकाळी उघडली गेली, तिच्याविषयी सांगण्यासारखे काही नाही. दरमहा ५००, पाच वर्षे. उघडली तेव्हा व्याजदर ६.७ टक्के होता, म्हणजे भरलेल्या ३०,००० चे सुमारे ३५,६८० मिळतील. हप्ता चुकला तर शंभरामागे एक रुपया दंड लागतो. हे ५०० बहुतांशी खर्ऱ्यातून येतात, कारण यजमान आता दिवसाला एकच खातात. निदान माझ्यासमोर तरी.

जूनमध्ये बियाणे रोखीने आणले. त्याच दिवशी पासबुक छापून घेतले, तर नावातील ‘सौ.’ गेले होते, पण गावाच्या नावात एक अक्षर चुकले होते. ते मी वेचणी संपेपर्यंत तसेच राहू द्यायचे ठरवले आहे.